निर्वासित भगिनी आणि आपले गाव

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासावर काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा चारठाण्याची हेमाडपंती देवळे आणि आपला उंच दगडी स्तंभ असावा. त्यांविषयी जाणकारांनी लिहिले आहे. मला लिहावयाचे आहे ते निराळेच. १९४७-४८ साली या भागातील बायामाणसे घरदार सोडून गेली आणि पुढे परत आली, हे सर्वांच्या कानांवर आहे. परत आल्यावर त्यांच्या मनाचे काय झाले, ते मात्र कोणी विचारले नाही.

निर्वासित म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फाळणी उभी राहते. सिंधमधून आलेल्या कुटुंबांची कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सोय झाली आणि १९४९ साली त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. परंतु निर्वासित होण्यासाठी इतके दूर जावे लागत नव्हते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तरी परभणी जिल्हा निजामाच्याच राज्यात राहिला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता आणि कासीम रझवीचे रझाकार गावोगाव धाक घालीत होते. येथून मंठ्यावरून उत्तरेस निघाले की लोणार लागते. ते वऱ्हाडात, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थानात. दोन्हीकडची माणसे एकाच भाषेची, रोटीबेटीचे व्यवहार पिढ्यान् पिढ्यांचे. परंतु त्या वर्षभरात ती सरहद्द म्हणजे जिवाची सरहद्द झाली.

उमरखेड, वाशीम, बार्शी, चाळीसगाव अशा ठिकाणी लढ्याच्या छावण्या होत्या व त्यांचा इतिहास पुस्तकांतून येतो. त्या लढ्यातील स्त्रियांत आशाताई वाघमारे, दगडाबाई शेळके, प्रतिभाताई वैशंपायन यांच्याबरोबर गीताबाई चारठाणकर यांचेही नाव घेतले जाते. आपल्या गावाचे नाव आडनावात वागविणारी ही बाई आपल्या मुलींना ठाऊक असावयास हवी. परंतु छावणीत न जाता नात्यागोत्यांच्या ओसरीवर महिनेन् महिने काढणाऱ्या बायका कोणत्याच यादीत नाहीत.

माझ्या सासूबाई त्यांपैकीच एक. तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या, नुकत्याच सासरी नांदावयास आलेल्या. घरच्या बायका रात्री बैलगाडीत बसून निघाल्या, वाटेत एक मुक्काम केला आणि मेहकरकडच्या एका नातलगाच्या घरी पोहोचल्या. तेथे खाण्यापिण्याचे हाल झाले नाहीत. उलट फार चांगले ठेवले, असे त्या नेहमी सांगत. मग दुःख कशाचे, असे मी एकदा अडाणीपणाने विचारले. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या चुलीम्होरं बसायचं, अन् भाकर मागून घ्यायची."

हे वाक्य मला पुढे वळिवड्याच्या हकिकती वाचताना आठवले. दुसऱ्या महायुद्धात रशियनांनी सैबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांतील सुमारे पाच हजार माणसे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिली. बहुतेक स्त्रिया आणि मुले. या छावणीत कुटुंबागणिक वेगळे बिऱ्हाड होते आणि स्वतंत्र चूल होती. त्यांच्या भाषेतील शाळा, प्रार्थनामंदिर, बालवीर पथके, नाटके हे सर्व त्यांनी उभे केले. मुंबईतील पोलिश वकिलाच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनी या लोकांसाठी फार खस्ता खाल्ल्या. त्या वेळी 'मानसिक आरोग्य' हा शब्द कोणी उच्चारला नसेल, पण स्वतःची चूल, मुलांना शाळा आणि हाताला काम, हेच त्या कामाचे सार होते. आज जागतिक आरोग्य संघटना आपत्तीतील माणसांसाठी जो मानसिक प्रथमोपचार सांगते, तोही याच वळणाचा आहे: आधी नीट पाहावे, ऐकून घ्यावे, आपल्या माणसांशी जोडून द्यावे. बोलण्याची सक्ती करू नये, हेही त्यात आहे.

आपल्याकडे असे काही झाले नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, गाड्या परतल्या आणि सर्व ठीक झाले असे मानले गेले. सासूबाई मात्र आयुष्यभर रात्री दोनदा उठून कडी चाचपीत. खाटेखाली एक गाठोडे बांधलेलेच असे. लुगडे, पावशेर तांदूळ, काडेपेटी. घरात त्यावरून चेष्टा होई. मीही केली आहे. एक शेजारीण मात्र रोज दुपारी वाती वळण्याच्या निमित्ताने येऊन बसे. काही विचारीत नसे. त्या दिवसांत तिच्याचमुळे आपण टिकलो, असे सासूबाई म्हणत.

आता थोडे अवघड लिहिते. सासूबाई परतल्या तेव्हा शेजारच्या मनियारांचे घर ओस होते. सैन्य आल्यानंतर हैदराबाद राज्यात अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस राज्यभर फिरून सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज केला. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे, आणि हेही खरे. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही. मनियारांची भाभी दोनएक वर्षांनी परत आली आणि पूर्वीसारखी बांगड्या भरू लागली. सासूबाई तिच्याकडून वर्षानुवर्षे बांगड्या भरीत राहिल्या. दोघीही घर सोडून गेलेल्या, दोघींनाही रात्री झोप नाही. आणि हात हातात असूनही त्यावर एक शब्द नाही. "म्या तिला कधी इचारलंच न्हाई," असे सासूबाई शेवटच्या आजारात दोन-तीनदा म्हणाल्या. भाभी त्याआधीच गेली होती.

त्या वर्षी दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुली आज नव्वदीच्या आसपास आहेत. गावात अशा कितीजणी उरल्या असतील ते मोजावयास हवे. दोन्ही आळ्यांत जाऊन, वही एकदम न काढता, दुपारचे त्यांच्यापाशी बसणाऱ्या दोघी-तिघी मला हव्या आहेत. वाती मी आणीन. येणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत नाव सांगावे.