जँगोची ठिगळे

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' ह्या दैनिकाच्या कचेरीत २००३ साली एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन ह्या दोन तरुणांनी एक संगणकीय सांगाडा रचावयास घेतला. वृत्तपत्राला वेळेचा धाक असतो. नवे संकेतस्थळ मागितले की ते तातडीने उभे राहिले पाहिजे. म्हणून प्रत्येक संकेतस्थळास लागणारे सामाईक भाग त्यांनी एकदाच लिहून ठेवले. अशा सांगाड्यास वेब फ्रेमवर्क म्हणतात. जुलै २००५ मध्ये तो जगास मोकळा करण्यात आला. जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकावरून त्याचे नाव 'जँगो' पडले.

मोकळा म्हणजे कोणीही वाचावा, बदलावा, वापरावा. परवान्याने एवढे दिले. परंतु दूरदेशीच्या अनोळखी मनुष्याने 'तुमच्या लिखाणात चूक आहे' असे कळविले, तर त्याच्यावर विश्वास कसा ठेवावयाचा, हे कोणताही परवाना सांगत नाही. तो रिवाज हळूहळू घडला, आणि माझ्या मते जँगोचा खरा इतिहास तोच होय.

चुकीला ह्या व्यवसायात 'बग' म्हणतात व तिच्या नोंदीला 'तिकीट'. ट्रॅक नावाच्या नोंदवहीत तिकीट कोणालाही काढता येते. भाडे पडत नाही! मात्र नुसते 'चालत नाही' म्हणून भागत नाही. काय केले, काय व्हावयास हवे होते आणि काय झाले, हे असे लिहावे लागते की दुसऱ्यास ती चूक आपल्या यंत्रावर पुन्हा घडविता यावी. दुरुस्ती पाठविणाऱ्याची जबाबदारी त्याहून अधिक. त्याच्या ठिगळाला, म्हणजे 'पॅच'ला, चाचणी जोडलेली हवी. समजा, २९ फेब्रुवारी ही तारीख नाकारली जात आहे; तर ती तारीख देऊन पाहणारी चाचणी ठिगळावाचून नापास आणि ठिगळानंतर पास झाली पाहिजे. पुढे कोणी अनवधानाने तीच चूक केली, तर ही चाचणी तत्काळ हाकाटी करते. मग लेखकाहून निराळा मनुष्य ते काम तपासतो. ज्या चुकीतून चोराला वाट मिळेल ती मात्र चव्हाट्यावर मांडावयाची नाही. ती खाजगी पत्राने कळवावयाची.

शेवटचा हात मोजक्यांचाच असे. मूळ लिखाणात बदल उतरविण्याचा अधिकार 'कोअर' मंडळाकडे होता. २०१२ साली लिखाण गिटहबवर गेले आणि ठिगळे पाठविणे सोपे झाले. २०१३ मध्ये मॅल्कम ट्रेडिनिक हे ऑस्ट्रेलियन सभासद निवर्तले. त्यांच्या नावाचे पारितोषिक नवागतांना आपलेसे करणाऱ्यास दिले जाते, सर्वांत चतुर लिहिणाऱ्यास नव्हे; मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. २०१४ पासून तिकिटे चाळण्यास व ठिगळे तपासण्यास पगारी 'फेलो' नेमण्यात आले.

दरम्यान मंडळातील बहुतेकांनी आपला अधिकार वापरणे सोडले होते, आणि बाहेरच्यांस मात्र आपण त्या पंक्तीस बसण्याच्या योग्यतेचे नाही असे वाटे. तेव्हा मार्च २०२० मध्ये सभासदांनी मत देऊन आपलेच मंडळ विसर्जित केले. बदल उतरविणारे 'मर्जर' तेवढे उरले. पण स्वतःच्या ठिगळाला त्यांनाही दुसऱ्याची संमती घ्यावी लागते.