तळटीप : अलाबास्टरचे रंगीत फलक

१. अलाबास्टर म्हणजे संगमरवर नव्हे. तो जिप्समचा प्रकार, नखानेही ओरखडा उठावा इतका मऊ. डर्बीशायरमधल्या चेलास्टनच्या खाणींतला दगड विशेष नावाजलेला. त्यात कोरलेले ख्रिस्तचरित्राचे फलक चौदाव्या शतकापासून युरोपभर जात; १४५६ साली जॉन गुडइयर या इंग्रज धर्मगुरूने सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या कथीड्रलला संत जेम्सच्या चरित्राचा असाच एक संच अर्पण केला. लेखकाने यांना ‘शुभ्र’ म्हटले आहे, पण ती काळाची करणी! मुळात केस-दाढ्यांना सोन्याचा मुलामा असे आणि पायाखालच्या गडद हिरव्या जमिनीवर पांढऱ्या ठिपक्यांची फुले, मध्ये लाल टिंब. पाठीमागे शिसे ओतून तारा बसवत, त्यांनी फलक लाकडी चौकटीत जखडला जाई. १५५०च्या कायद्याने इंग्लंडातल्या चर्चमधल्या प्रतिमा फोडायला लावल्या. परदेशी गेलेल्यांपैकी बऱ्याच वाचल्या.