उद्या सकाळी नऊ वाजता

२२ जून २०२४, शनिवार. पहाटे ५. परीक्षेला २८ तास.

माहूरच्या बसस्थानकावर यवतमाळकडे जाणारी एसटी उभी होती. आदल्या दिवशी वटपौर्णिमा झालेली, वडाला गुंडाळलेलं सूत अजून पांढरंस्वच्छ होतं. शेजारच्यांची लेक मामाला सोबत घेऊन नागपूरला निघाली होती. बाप आला नाही. आर्द्रा लागली होती, वाफसा झाला होता आणि तिफण शेतात उभी होती. वाफशाचा दिवस हुकला की पुढचे चार महिने हुकतात, हे तिलाही ठाऊक होतं. आईनं गडावरच्या तांबुलाची पुडी तिच्या पर्समध्ये सरकवली.

"पेपराआधी तोंडात टाक."

"आत काही नेऊ देत नाहीत गं."

"मग गेटावर टाक."

पोरगी डॉक्टर झालेलीच होती. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली. आता नीट-पीजी, म्हणजे बालरोग, स्त्रीरोग, भूलशास्त्र, शस्त्रक्रिया यांपैकी एखाद्या विषयाचा तज्ज्ञ होण्याचं दार. प्रश्न २००, गुण ८००, वेळ साडेतीन तास. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. त्या वर्षी एक नवी अटही आली होती. पेपराचे पाच भाग, प्रत्येक भागात ४० प्रश्न आणि ४२ मिनिटं. एक भाग संपला की मागे वळून बघायचं नाही. तिनं तशा सराव परीक्षा दिल्या होत्या, घड्याळ लावून, घरच्या मागच्या खोलीत, पंखा बंद करून. पंख्याच्या आवाजानं लक्ष जातं म्हणायची. जूनमध्ये.

तारीख आधीच दोनदा हलली होती. पहिल्यांदा ३ मार्च ठरली, मग ७ जुलै झाली, मग पुन्हा अलीकडे येऊन २३ जून. त्या पंधरा दिवसांत तिची तिसरी उजळणी बुडाली.

सकाळी ११. परीक्षेला २२ तास.

त्या महिन्यात परीक्षा हा शब्दच गढूळ झाला होता. ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी चालू असताना, बारावीनंतरच्या नीट-यूजीचा निकाल लागला. तो ठरल्या तारखेच्या दहा दिवस आधी आला. ६७ मुलांना ७२० पैकी ७२०. कुणाला ७१८, कुणाला ७१९. प्रश्न सोडला तर चार गुण जाणार, चुकला तर पाच, अशा हिशेबात हे आकडे बसतच नाहीत, हे बारावीच्या पोरांनी बोटांवर मोजून दाखवलं. मग कळलं की वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते. १३ जूनला ते गुण सर्वोच्च न्यायालयासमोर मागे घेतले गेले आणि फेरपरीक्षेची तारीख ठरली ती २३ जूनच. १८ जूनला यूजीसी-नेट झाली, १९ जूनला ती रद्द झाली. २१ जूनच्या रात्री सीएसआयआर-नेट पुढे गेली.

एसटीत बसून ती हे सगळं मोबाइलवर वाचत होती. मामानं विचारलं, "तुमच्या परीक्षेचं तर काही नाही ना?"

ती म्हणाली, "मामा, आमची वेगळी. घेणारे वेगळे, कॉम्प्युटरवर असते, कागद फुटायचा प्रश्नच नाही."

ती चूक बोलत नव्हती. यूजी घेणारी संस्था निराळी आणि पीजी घेणारं मंडळ निराळं. पण संशयाला संस्थांच्या सीमा कळत नाहीत.

दुपारी ३. परीक्षेला १८ तास.

नागपूरला पोचल्यावर आधी केंद्र बघून आले. उद्या कुठून आत जायचं, रिक्षा किती घेईल, सगळं ठरलं. लॉजच्या खोल्यांत तिच्यासारखेच होते. अमरावतीचे, गोंदियाचे, चंद्रपूरचे. कुणाच्या कडेवर सहा महिन्यांचं बाळ, कारण परीक्षा देणारी बाळाची आई होती. याच दुपारी दिल्लीत परीक्षांमध्ये सुधारणा सुचवण्यासाठी इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती जाहीर झाली. लॉजमध्ये ही बातमी कुणी धड वाचली नाही. शेवटच्या दुपारी नवं काही वाचायचं नसतं. तेवढे आकडे, औषधांच्या मात्रा, रक्ततपासणीच्या मर्यादा यांवरून नजर फिरवायची आणि वही मिटायची.

सायंकाळी ६. परीक्षेला १५ तास.

मी तिच्या घरी गेलो. बाप शेतातून आला होता, पायाला चिखल तसाच. आईनं देवाजवळ समई लावली होती आणि ती विझू नये म्हणून घरातला पंखा बंद केला होता. पोरीनं लावलेली सवय घरात राहिली होती.

इथं जरा थांबतो. कारण या परीक्षेचा माहूरशी काय संबंध, असं कुणी विचारेल. माहूर म्हणजे नांदेड जिल्ह्याचं अगदी टोक. नांदेड इथून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, त्यापेक्षा यवतमाळ जवळ. रात्री एखाद्या बाईची प्रसूती अडली, बाळाला श्वास घेता येईना, की ग्रामीण रुग्णालयातून गोकुंद्याच्या रुग्णालयात, तिथून नांदेडला, नाहीतर सरळ यवतमाळला. घाटातून, जंगलातून. या रस्त्यावर काय काय घडतं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ हे आमच्याकडे फोन करून शोधायची माणसं आहेत. त्यांतली बहुतेक एकाच दारातून येतात आणि ते दार म्हणजे ही परीक्षा.

२०२३च्या सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात आठवा. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. सगळ्या देशाच्या वाहिन्या नांदेडला आल्या आणि गेल्या. ही पोरगी तेव्हा दुसऱ्या शहरात इंटर्न होती. त्या आठवड्यात तिनं घरी फोन करून सांगितलं, बालरोगच घ्यायचं. त्याआधी ती रेडिओलॉजीचं बोलायची, तिथं रात्रपाळी कमी असते म्हणून.

रात्री ९. परीक्षेला १२ तास.

टीव्हीवर पट्टी आली. यूजी घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेचे महासंचालक सुबोधकुमार सिंह यांना हटवलं आणि प्रदीपसिंह खरोला यांच्याकडे कारभार दिला. बाप म्हणाला, "बरं झालं. कुणाला तरी जाब विचारला." तिचा फोन आला. जेवण झालं होतं, हॉल तिकीट आणि ओळखपत्र उशाशी ठेवलं होतं, गजर तीन लावले होते. "आता फोन करू नका, झोपते," म्हणाली. आईनं खरंच फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

रात्री १०. परीक्षेला ११ तास.

आधी मला व्हॉट्सअॅपवर आलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं निवेदन: उद्याची नीट-पीजी पुढे ढकलली आहे. काही स्पर्धा परीक्षांच्या सचोटीबद्दल आरोप झाले आहेत, म्हणून या परीक्षेची प्रक्रिया भक्कम आहे का ते तपासायचं, खबरदारी म्हणून. नवी तारीख लवकरच.

मी ते दोनदा वाचलं. खोटं असेल असं वाटलं, कारण त्या दिवसांत खोटी पत्रकंही फिरत होती. मग वाहिन्यांवर आलं.

तिला सांगायचं कुणी? ती झोपली असेल तर उठवायचं का? बाप माझ्याकडे बघत होता आणि मी समईकडे. शेवटी तोच म्हणाला, "झोपू द्या. सकाळी कळंलच." पण ती झोपली नव्हती. लॉजच्या व्हरांड्यात आरडाओरडा झाला तेव्हाच तिला कळलं होतं. दारं धडाधड उघडली, कुणी रडत होतं, कुणी पहाटेच्या गाडीचं तिकीट शोधत होतं. मामानं नंतर सांगितलं, ती रडली नाही. तिनं वही उघडली आणि परत पहिल्या पानापासून सुरुवात केली. अर्ध्या तासानं मिटली. मग आईला फोन केला आणि एवढंच विचारलं, "काहून जाग्या आहात अजून?"

देशभरात असे सव्वादोन लाखांहून जास्त डॉक्टर होते. कुणी सुट्टी न मिळाल्यानं रात्रपाळी करून थेट निघालेले, कुणी शेकडो किलोमीटरवरच्या केंद्रासमोर. या परीक्षेचा पेपर फुटल्याचं त्या निवेदनात म्हटलं नव्हतं. खबरदारी घ्यायला माझी हरकत नाही. ज्याच्या हातात उद्या सुरी द्यायची, त्याची परीक्षा निर्मळच हवी. पण शंका महिनाभर वाढत होती. परीक्षा थांबवण्याचा निर्णय पेपराच्या आदल्या रात्री, मुलं लॉजवर पोचल्यावर कळवावा, हे मला मान्य नाही.

मध्यरात्र. ९ तास, जर ते मोजायचे असतील तर.

त्याच रात्री नीट-यूजीचा तपास सीबीआयकडे गेला. आणि आमच्या मराठवाड्याची मान खाली घालणारी गोष्टही त्याच शनिवार-रविवारची. नीट-यूजीतल्या गैरप्रकाराच्या संशयावरून नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकानं जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या दोन शिक्षकांची लातुरात चौकशी केली, आणि रविवारी लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. पुढे हाही तपास सीबीआयकडे गेला. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण माहूर, किनवट, हिमायतनगरची पोरं दहावी झाली की नीटच्या शिकवणीसाठी डोळे झाकून लातूरला जातात. कोरडवाहू शेती गहाण टाकून बाप खोलीचं भाडं भरतो. लातूर पॅटर्न या दोन शब्दांवर हजारो घरांचा भरवसा आहे. त्या रात्री तो डळमळला.

२३ जून, रविवार. सकाळी ९. शून्य.

देशात काही केंद्रांवर यूजीची फेरपरीक्षा त्याच दिवशी झाली. १,५६३ पैकी ८१३ जण बसले. नागपूरच्या बसस्थानकावर ती यवतमाळच्या गाडीत बसली होती. पर्समधली पुडी तशीच. मामा म्हणाला, खाऊन टाक. ती म्हणाली, पुढच्या वेळी.

पुढचं भराभर सांगतो, कारण वाट बघण्यात सांगण्यासारखं थोडंच असतं. ५ जुलैला नवी तारीख आली: ११ ऑगस्ट, आणि परीक्षा दोन सत्रांत. म्हणजे दोन वेगळे पेपर, आणि गुण सारखे करण्याचं एक सूत्र. कुणाचा पेपर सोपा, कुणाचा अवघड, हा नवा घोर लागला. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं परीक्षा पुढे ढकलायला नकार दिला. त्याच दिवशी सकाळी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा मृतदेह सापडला. दोन दिवसांनी या पोरी परीक्षेला बसल्या, तिच्यासारखंच व्हायला, तशाच रात्रपाळ्या करायला. आमच्या शेजारच्या पोरीची आई त्या आठवड्यात पहिल्यांदा म्हणाली, "नको शिकूस पुढं."

ती बसली. तांबूल गेटावर खाल्लं.

२३ ऑगस्टला निकाल लागला. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीतल्या निवासी डॉक्टरांनी कोलकात्याच्या घटनेवरून पुकारलेला संप मागे घेतला होता. प्रश्नपत्रिका मिळाली नाही, उत्तरतालिका मिळाली नाही. मिळाला फक्त आकडा. यादी उघडायला फोन वेळ घेत होता आणि घरातले चौघं एकाच फोनवर वाकलो होतो. क्रमांक दिसला. ती काही बोलली नाही, मागच्या खोलीत गेली. बापानं मला विचारलं, "चांगला का वाईट?" मलाही सांगता येईना, कारण क्रमांकाचा अर्थ जागावाटपात कळतो, आणि देशपातळीवरची पहिली फेरी नोव्हेंबरात लागली. मार्चमध्ये व्हायच्या परीक्षेचं उत्तर नोव्हेंबरात. तेवढे दिवस तेवढे हात वॉर्डांत उशिरा पोचले. ती नोंद कुठल्याच निवेदनात नाही.

तिला बालरोगच मिळालं. घरापासून लांब, पण मिळालं.

३० मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोन सत्रांत परीक्षा घेणं म्हणजे मनमानी. सगळ्यांना एकच पेपर द्या. त्यामुळे १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टला गेली, पण या वेळी ते मुलं घरी असतानाच कळलं. माझं मागणंही तेवढंच आहे: थांबवायचं असेल तर गाडीत बसायच्या आधी सांगा. ३ ऑगस्टला सकाळी नऊ वाजता परीक्षा एकाच सत्रात सुरू झाली, वेळेवर.