वीणा भुईवर ठेवायची नाही

॥ राम कृष्ण हरी ॥

दिंडीचा इतिहास म्हटला की विणेकऱ्यांची नावं, मुक्कामाची गावं आणि पंगती देणाऱ्यांची यादी डोळ्यापुढं येते. ते काम या ग्रंथात दुसऱ्या माउलींनी केलं आहे. मी चौथी शिकलेला माणूस. मी आपल्या विणेबद्दल लिहितो, कारण शंभर वर्षांत माणसं बदलली तरी दिंडीत वीणा खांद्यावरून खाली आली नाही.

तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली पालखी सुरू केली. पुढं एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबा माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. पताका, टाळकरी, मृदंग, वीणा असा ज्याचा त्याचा मान ठरला. आपल्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरीला निघणाऱ्या दिंड्यांतही तीच रीत. गवयाला विचारलं तर तो आपल्या विणेला लहान तंबोराच म्हणेल. त्याचं खरं आहे. तिच्यावर बोटं फिरवून गाणं काढत नाहीत, तारा मोकळ्या छेडून सूर धरतात.

अशा वीणा मिरजेला होतात. तिथं फरीदसाहेब शिकलगार म्हणून कारागीर होते. घराण्याचा धंदा तलवारींना धार लावायचा. इंग्रजी आली, हत्यारांचं काम बसलं, तेव्हा १८५० च्या सुमारास ते वाद्यं दुरुस्त करू लागले आणि पुढं बनवूही लागले. त्या घराण्याला सतारमेकर नाव पडलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं. मला शेतकरी म्हणून सगळ्यात गोड वाटतं ते भोपळ्याचं. हा भोपळा भाजीचा नव्हे, कडू. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडं भीमेकाठी पिकतो, वाळून मिरजेला जातो आणि वीणा होऊन पुन्हा वारकऱ्याच्या खांद्यावरून भीमेकाठीच येतो. मुसलमान कारागिराचा हात लागल्याशिवाय आपली वारी सुरात येत नाही, हेही पोरांना सांगत जावं.

आता निगा. जुन्या विणेकऱ्यांनी आम्हाला शिकवली ती अशी. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं तारा पुसायच्या. हाताच्या घामात मीठ असतं, त्यानं पोलादी तार गंजते आणि खर्जाची पितळी काळी पडते. ओलं फडकं लावायचं नाही, लाखेचं पॉलिश उडतं. बुक्का विणेला लावावा, पण घोडीपासून लांब. घोडीवर जिथं तार टेकते ती जवारी. तिथं बुक्का बसला की आवाज मेला. तो मऊ ब्रशनं झाडायचा. जवारी घासायचं काम मात्र कारागिराचंच, आपण कानस घ्यायची नाही. ओला हार तबलीवर टेकू द्यायचा नाही. तारा बदलताना एकेक बदलावी. सगळ्या एकदम सोडल्या की घोडी सरकते. खुंटी घसरू लागली तर खडू लावावा. पावसात प्लास्टिक बांधावं, पण मुक्कामाला पोचताच सोडावं, आत वाफ धरते. मग कोरडी गवसणी. आणि वीणा भुईवर नाही. देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मग समोरचा नातवाच्या वयाचा का असेना.

सप्ताहात दोन-दोन तासांचा पहारा धरला तर सात दिवसांत ८४ पहारे होतात. म्हणजे तारांवर ८४ वेळा हात बदलतो. म्हणून आपल्यात नियम आहे, वीणा द्यायच्या आधी पुसून द्यायची.

शताब्दीच्या बैठकीत विचार निघाला की जुनी वीणा काचेच्या कपाटात ठेवू आणि नवी घेऊ. कोणी मशीनचा तंबोराही सुचवला. भाव चांगला आहे, पण मला ते पटत नाही. कपाटातल्या विणेची गवसणी कोण काढणार? तारा गंजतील, खुंट्या अडकतील, लाकडाला कीड लागली तरी वर्षभर कळायचं नाही. वारीत बिघाड झाला तर त्याच दिवशी हाताला कळतो. आणि जुनी म्हणजे तरी काय? तारा दर वर्षी नव्या, घोडी बदललेली, तबली सांधलेली. जुनेपण आहे ते पुसणाऱ्या हातांच्या ओळीत. ती ओळ कपाटात मावत नाही.

खरी काळजी पुढच्या हातांची आहे. इंदिरानगरात जिथं शेतं होती तिथं आता इमारती आहेत. पोरं अंबड-सातपूरला कंपनीत पाळीवर जातात. त्यांना महिनाभर वारी जमत नाही, पण एकादशीला दोन तास जमतात. म्हणून सुचवतो: दर एकादशीला दोन तरुणांनी, मुली असल्या तरी उत्तम, वीणा पुसायची आणि सुरात लावायची. वर्षाला २४ एकादशा येतात, तेवढ्यात हात बसतो. नवी वीणा जरूर घ्यावी, ती जोडीला राहील. दोन्ही खांद्यावर राहाव्यात, एवढंच मंडळींपुढं मागणं आहे.

राम कृष्ण हरी.