नरक्या

आमच्या सह्याद्रीच्या पट्ट्यात नरक्या माहीत नाही असा गुराखी नसेल. फुलोऱ्यावर आला की असा घाण वास सुटतो, की नाव पडलं ते रास्तच. ह्याच झाडाला कुणी अमृताही म्हणतात.

1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी ह्या दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन नावाचं रसायन वेगळं काढलं. ह्यातले वाणी जन्मानं आपल्या नंदुरबारचे. 1971 साली ह्याच जोडीनं कॅन्सरवरचं टॅक्सॉलही जगापुढं आणलं. मी दहावीपर्यंत शिकलो, पण हे नाव कुठल्या धड्यात आलं नाही.

कॅम्पटोथेसिन कॅन्सरच्या गाठीवर चालायचं, पण रोग्यांना दिलं तेव्हा मूत्राशयाला न् आतड्यांना फार इजा झाली. सत्तरच्या दशकात चाचण्या थांबल्या. ते काम कसं करतं हे 1985 साली उमगलं. पेशी वाढताना डीएनएच्या दोरीला पीळ बसतो. एक विकर दोरीचा एक पेड तोडून पीळ सोडवतं आणि परत सांधतं. हे रसायन त्याला सांधू देत नाही, पेशी मरते. मग त्यातच फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं केली. 1996 साली अमेरिकेत दोन्हींना मंजुरी मिळाली.

तेच रसायन आपल्या नरक्यात आहे, हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन ह्यांनी 1972 सालीच दाखवलं होतं. औषधं निघाली तशी व्यापाऱ्यांना आमच्या रानाची वाट सापडली. पोरं रातोरात झाडं तोडायची, मुळ्यासुद्धा उकरायची. "कशाला नेत्यात रं?" असं विचारलं तर "रंगाला" म्हणायची, त्यांना तेवढंच सांगितलेलं. माल परदेशी जायचा. धाड पडली की केस पोरांवर, व्यापारी मोकळा. किलोमागं जे हातात पडायचं त्यात एक इंजेक्शनही आलं नसतं.

आता कॅन्सरचं झाड म्हणून नाव झाल्यावर काहीजण साल उकळून काढा पितात. तसं कुणी करू नये. ज्या कच्च्या रसायनानं डॉक्टरांच्या देखरेखीखाली माणसं पोळली, तेच त्या काढ्यात उतरतं.