तूर्मालेची चढण

फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवर पिरेनीज पर्वताची रांग आहे. फ्रान्सच्या बाजूस तींतील तूर्माले नांवाची खिंड समुद्रसपाटीपासून २११५ मीटर उंच आहे. १९१० सालीं ‘तूर द फ्रान्स’ या सायकलींच्या शर्यतीचा मार्ग प्रथमच तिच्यावरून नेण्यांत आला. तत्पूर्वी आल्फोन्स स्टेनेस हा गृहस्थ वाट पाहावयास गेला असतां बर्फांत अडकला व मोटार सोडून रात्रीं पायींच कसाबसा खिंडीपार झाला. तरी शर्यतीचे चालक आंरी देग्रांज यांस त्यानें तार केली ती रस्ता फार उत्तम असल्याची! तार करणारास सायकलवर चढावयाचें नव्हतें.

२१ जुलै रोजीं ल्यूशाँहून बायोनपर्यंत ३२६ किलोमीटरांचा टप्पा होता. त्यांत तूर्मालेसह मोठमोठे घाट. सायकलींना हल्लींसारखे गिअर नव्हते; या शर्यतींत त्यांस परवानगी मिळाली ती १९३७ सालीं. चढ असह्य झाला म्हणजे खालीं उतरून सायकल ढकलीत नेणें हाच उपाय. गुस्ताव्ह गारिगू मात्र तूर्मालेवर एकदांही उतरला नाहीं. त्याबद्दल त्यास १०० फ्रँकांचें बक्षीस मिळालें. परंतु माथ्यावर प्रथम पोंचला तो कधीं चालत, कधीं सायकलवर बसत आलेला ओक्ताव्ह लापीझ. पुढें ओबिस्कच्या घाटांत संतापून त्यानें चालकांस खुनी म्हटलें. तथापि शर्यत सोडली नाहीं. सुमारें चौदा तासांनीं तो टप्पा त्यानें जिंकला, आणि अखेरीस ती शर्यतही. गारिगूस तो मान १९११ सालीं लाभला.