सिलिॲक आजार: गव्हाशिवाय घर कसं चालवायचं?

घरातलं मूल वाळत चाललं की आपल्याकडे तीन गोष्टी होतात. नजर उतरवली जाते, जंताचं औषध दिलं जातं आणि दादी-नानी जवाचा तल्बीना शिजवून देतात. तिन्ही गोष्टी मायेपोटीच होतात. पण काही मुलांना यातल्या कशानेच उतार पडत नाही. उलट तल्बीना खाल्ल्यावर पोट आणखी बिघडतं. घरचे म्हणतात, "याला काही मानवतच नाही." अशा मुलाला जे मानवत नाही, ते अनेकदा आपल्या रोजच्या रोटीत असतं. या आजाराचं नाव सिलिॲक.

आजार नेमका काय?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. मळलेल्या कणकेला जो चिवटपणा येतो, तो त्याच्यामुळेच. बहुतेक लोकांना ग्लूटेनचा काही त्रास नसतो. सिलिॲक असलेल्या माणसाच्या शरीराची संरक्षण यंत्रणा मात्र ग्लूटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं त्यांच्यामार्फत रक्तात जातात. हे उंचवटे झिजून सपाट झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. मूल पोटभर जेवतं आणि तरी कुपोषित राहतं.

ही साधी ॲलर्जी नाही आणि संसर्गजन्यही नाही. एका ताटात जेवल्याने कुणाला होत नाही. आजाराचा कल आई-वडिलांकडून येतो. घरात एकाला सिलिॲक असेल तर त्याच्या सख्ख्या नातेवाइकांपैकी साधारण दहात एकाला तो असू शकतो. म्हणून भावंडांची आणि अम्मी-अब्बूंचीही तपासणी करायला सांगतात.

गव्हाचा संबंध कसा कळला?

विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना १९३० च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. बाकी लोक खंगत होते, पण सिलिॲकची मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपल्या प्रबंधात हा संबंध मांडला. तेव्हापासून आजवर या आजाराचा मुख्य उपचार एकच आहे, तो म्हणजे आयुष्यभर ग्लूटेन बंद.

हा गोऱ्या लोकांचा आजार आहे असा समज बरीच वर्षं होता. पण जगात याचं सर्वात जास्त प्रमाण आढळलं ते पश्चिम सहारातल्या सहारावी या मुस्लीम समाजाच्या मुलांमध्ये, पाच टक्क्यांहून अधिक. आपल्या देशात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडे जास्त आणि दक्षिणेत हजारात एक असं प्रमाण दिसलं. उत्तरेत गहू जास्त खातात, दक्षिणेत तांदूळ. आपल्या वऱ्हाडात आजी-आजोबांच्या काळी रोज ज्वारीची भाकरी असायची आणि गव्हाची रोटी सणासुदीला किंवा पाहुणे आले तर. आता बहुतेक घरांत दोन्ही वेळ गहू असतो.

शेगावच्या गव्हाची गोष्ट वेगळी

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात गहू म्हटलं की लोक ती गोष्ट काढतात. या दोन्हींची गल्लत करू नये. सेलेनियम हे खनिज जमिनीतून धान्यात येतं. तो दोष असलेला गहू बदलला की प्रश्न मिटतो. सिलिॲकमध्ये गहू बदलून उपयोग नाही. स्वतःच्या शेतातला, सेंद्रिय, बन्सी किंवा खपली, कोणताही गहू असो, ग्लूटेन त्यात असतंच. "खपली गहू चालतो" हा सल्ला सिलिॲकच्या रुग्णासाठी चुकीचा आहे.

कोणती लक्षणं दिसली तर विचार करावा?

- महिनोन्‌महिने पातळ जुलाब, फुगलेलं पोट, उलट्या किंवा जुनी बद्धकोष्ठता
- वजन आणि उंची न वाढणं, मुलगा किंवा मुलगी वयात उशिरा येणं
- लोहाच्या गोळ्या घेऊनही न सुधारणारा ॲनिमिया
- तोंडात वारंवार फोड, हाडं दुखणं, सतत थकवा, चिडचिड
- कोपर-गुडघ्यांवर खाजणारे पुटकुळ्यांचे चट्टे
- मोठ्या बायकांमध्ये कारण न सापडलेलं वंध्यत्व किंवा वारंवार गर्भपात

टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार असलेल्यांमध्ये सिलिॲकची शक्यता जास्त असते. जुलाब नसतानाही हा आजार असू शकतो, हेही लक्षात ठेवावं.

आम्ही शाळेत दर आठवड्याला लहान मुलांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी लोहाची गोळी देतो. वर्षभर गोळ्या घेऊनही एखादी मुलगी पांढरीफटकच राहिली तर "ती नीट जेवत नाही" असं म्हणून सोडून देऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना तपासायला येतं. अशा मुलाचं नाव त्यांना जरूर सांगावं.

तपासणीआधी गहू बंद करू नका

सर्वात जास्त चूक इथे होते. कुणीतरी सांगतं, मोबाइलवर व्हिडिओ येतो आणि घरचे लगेच गहू बंद करतात. मुलाला बरं वाटतं. पण नंतर तपासणी केली की ती निगेटिव्ह येऊ शकते, कारण ग्लूटेन थांबल्यावर रक्तातल्या खुणा हळूहळू नाहीशा होतात. मग खरा आजार आहे की नाही हे कळायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो.

पहिली तपासणी रक्ताची असते. तिला टीटीजी-आयजीए म्हणतात. तिच्यासोबत एकूण आयजीएही पाहतात, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवू शकते. त्यानंतर सहसा एन्डोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासतात, म्हणजे बायोप्सी. काही मुलांमध्ये रक्तातलं प्रमाण खूपच जास्त असेल तर बायोप्सी लागते की नाही हे तज्ज्ञ ठरवतात. रक्ताचा नमुना तालुक्याच्या लॅबमधून बाहेर पाठवता येतो का, ते विचारावं. पुढच्या तपासणीसाठी बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय इथे चौकशी करावी. आतड्याच्या टीबीची लक्षणंही काहीशी अशीच असतात. म्हणून अंदाजाने औषध सुरू करू नये.

काय खावं, काय टाळावं?

बंद: गहू, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, बिस्किटं, टोस्ट, नान, समोसा, जिलेबी, गुलाबजाम, रोडगे, शेगावची कचोरी. जव आणि त्याचा तल्बीना, जवाचं सत्तू, माल्टची पावडर घातलेलं दूध हेही बंद. हलीम आणि खिचडा यांत गहू असतो, बहुतेकदा जवही असतो.

चालतं: ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, तांदूळ, भगर, राळं, राजगिरा, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ, सगळ्या डाळी, भाज्या, फळं, खजूर, अंडी, मटण, चिकन, मासळी, दूध, दही. सुरुवातीला आतडं दुखावलेलं असल्याने काहींना दूध पचत नाही. ते नंतर बहुधा पचायला लागतं. ओट्समध्ये कारखान्यात गहू मिसळलेला असतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

म्हणजे महागडं डबाबंद पीठ घेतलंच पाहिजे असं नाही. ज्वारीची भाकरी, उडीद-ज्वारीची कळण्याची भाकरी, मक्याची रोटी, भात-दालचा हे आपलंच जेवण आहे. शेजारच्या हिंदू घरांत उपवासाला जे चालतं, साबुदाणा, भगर, राजगिरा, त्यातलं जवळजवळ सगळं या आजारात चालतं. ते गावच्या किराणा दुकानात बारा महिने मिळतं.

न दिसणारा गहू

भाकरी ज्वारीची असूनही मूल बरं होत नसेल तर पुढच्या जागा तपासा.

- गिरणी. ज्या दगडावर आधी गहू दळला त्याच दगडावर ज्वारी दळली की पिठात गहू येतो. घरघंटी किंवा जुनं जातं असेल तर उत्तम, फक्त त्यावर गहू दळायचा नाही. चार घरं मिळून अशी एक घरघंटी वेगळी ठेवू शकतात.
- बेसन. बाजारातल्यापेक्षा हरभऱ्याची डाळ निवडून घरी दळलेलं बरं.
- हिंग. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. डबी वाचा, नाहीतर हिंगच टाळा.
- भाकरीचं पीठ. भाकरी फाटू नये म्हणून काही जणी मूठभर गव्हाचं पीठ मिसळतात. त्याऐवजी उकळत्या पाण्यात पीठ भिजवून मळावं.
- भांडी. परात, चाळणी, तवा, पोळपाट-लाटणं वेगळं ठेवावं. जमत नसेल तर आधी त्याची भाकरी करावी, मग रोट्या.
- तेल. समोसे तळलेल्या तेलात त्याची भजी तळू नयेत.
- बाहेरचे कबाब आणि सॉस. कबाबात पावाचा चुरा असू शकतो. सोया सॉसमध्ये गहू असतो.

पाकीट घेताना घटकांची यादी वाचावी. भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार ज्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन नाही, त्यालाच ग्लूटेन-फ्री म्हणता येतं. नुसतं "गहू नाही" एवढं लिहिलेलं पुरेसं नाही. त्यात जव असू शकतो.

रमजान, ईद आणि दावत

सेहरीला ज्वारीची भाकरी, अंडं, दही, केळं किंवा मुगाची खिचडी. इफ्तारला खजूर, फळं, उकडलेले हरभरे, घरच्या बेसनाची भजी. ईदला शीर खुर्मा करायचा तर त्याच्यासाठी शुद्ध तांदळाच्या शेवया घेऊन वेगळ्या पातेल्यात करावा, नाहीतर नुसतं दूध, खजूर आणि मेवा. तांदळाची फिरनी आणि जर्दा तर सगळ्यांनाच आवडतो. बिर्याणी चालते, पण मसाल्यात काय आहे ते विचारावं. कुर्बानीचं मटण घरच्या मसाल्यात केलं तर काही प्रश्न नाही.

आजार नुकताच सापडला असेल, अशक्तपणा असेल तर रोजा ठेवायचा की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. आजारी माणसाला शरीयतने सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. तल्बीन्याचंही तसंच. हदीसमध्ये त्याचा उल्लेख आहे म्हणून घरात त्याबद्दल प्रेम आहे, ते राहू द्या. पण या एका मुलासाठी जव हानिकारक आहे, हे दादीला प्रेमाने समजवावं. तांदळाची किंवा नाचणीची दुधातली पेज त्याच मायेने देता येते.

सर्वात अवघड जागा दावतीत येते. "बिस्मिल्लाह करा, एका घासाने काय होतं?" असं फुप्पी म्हणते, खाला म्हणते. नियाजीची शिरनी नाकारली तर लोकांना वाईट वाटतं. पण या आजारात एक घासही मोजला जातो. त्या दिवशी पोट दुखलं नाही तरी आतड्याची इजा आतून चालूच राहते. म्हणून मुलाला नकार द्यायला लावू नका. ते काम मोठ्यांनी करावं. यजमानांना आदल्या दिवशीच फोन करावा आणि मुलाचा डबा सोबत न्यावा. डबा नेण्यात यजमानांचा अपमान नाही.

मुलीचा आजार लपवू नका

मुलगी असली की रिश्त्याच्या काळजीने घरचे हा आजार लपवतात. सासरी गेल्यावर ती सगळ्यांसोबत रोटी खाते. मग ॲनिमिया वाढतो, हाडं ठिसूळ होतात, गर्भ राहत नाही किंवा टिकत नाही. मग दोष तिलाच दिला जातो. आहार नीट पाळला तर बहुतेक जणी निरोगी आयुष्य जगतात, त्यांना मुलंही होतात. निकाहच्या बोलणीतच स्पष्ट सांगावं, "हिला गहू चालत नाही, भाकरी चालते." भाकरीवरून जे घर मागे हटेल, त्या घरात तिची काळजी कशी घेतली गेली असती, याचाही विचार करावा.

पुढे काय?

आहार सुरू झाल्यावर बऱ्याच मुलांना काही आठवड्यांत फरक जाणवतो. आतडं भरून यायला महिने लागतात, मोठ्यांना त्याहून जास्त. साधारण सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा रक्ततपासणी करतात. उंची-वजन, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व पाहतात. बरं वाटलं म्हणून गहू पुन्हा सुरू करायचा नाही.

शाळेत मूल दिवसाचे पाच-सहा तास आमच्याकडे असतं. पोषण आहार बहुधा भाताचा असतो, पण वाढदिवसाची बिस्किटं आणि मित्राच्या डब्यातली रोटी वर्गातच खाल्ली जाते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षकांना एका कागदावर लिहून द्या: मुलाचं नाव, काय चालत नाही, काय चालतं, चुकून खाल्लं तर कुणाला फोन करायचा. अंगणवाडी सेविकेला, मदरशातल्या उस्तादांना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही हाच कागद द्या. आम्ही तो वर्गाच्या हजेरीपटात ठेवतो. शिक्षक बदलले तरी कागद तिथेच राहतो.